डॉक्टर, विधानसभेला उभं राहायचंय? आधी एवढं बघा

डॉक्टर, ओपीडीतली गर्दी म्हणजे मतं नव्हेत. तपासणीच्या टेबलावर झोपलेला पेशंट 'तुम्हालाच देणार' म्हणणारच, इंजेक्शन तुमच्या हातात असतं! पहिल्या खेपेला मी हाच हिशेब धरला आणि १०,००० रुपयांची अनामत घालवून बसलो. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते.

सध्या एवढंच सांभाळा:

- सरकारी नोकरीत असाल तर अर्ज भरण्याआधी राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात हवं. नुसता देऊन भागत नाही.
- खर्चासाठी वेगळं बँक खातं, अर्जाच्या किमान एक दिवस आधी. मर्यादा ४० लाखांची आहे, चहाचं बिलसुद्धा त्यातच.
- नमुना २६ चं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटल्यांची माहिती देणारं, अर्जासोबतचं. एकही रकाना कोरा नको. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा.
- अपक्ष असाल तर १० सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले. यादीतले क्रमांक स्वतः तपासा. माझा एक सूचक ऐनवेळी ओढ्यापलीकडच्या मतदारसंघातला निघाला.

डॉक्टर मंडळींची नेहमीची चूक म्हणजे आचारसंहितेत मोफत शिबिर घेणं, औषधं वाटणं. तुम्हाला ती सेवा वाटते, पण कायद्याला ती लाच वाटू शकते. दवाखाना चालू ठेवा, पण नेहमीची फी घ्या आणि केसपेपरवर चिन्ह नको.

जाहीरनामा, सोशल मीडिया वगैरे नंतर बोलू. आज मतदारयादी आणा आणि प्रत्येक बूथसमोर तिथे दिवसभर बसेल अशा एकाचं नाव लिहा.