नेव्हीतून परत आल्यावर हाताला काम मिळेल का?

"चार वर्षांनी घरी धाडलं तं पोट्टा काय करन, सर?"

अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या सैन्यभरतीचा, विषय निघाला की आमच्या यवतमाळकडे बापाचा पहिला प्रश्न हाच असतो. आर्णी तालुक्यातले एक कास्तकार मुलाला घेऊन आले, त्यांनीही बसता बसता तोच विचारला. मुलगा बारावी सायन्स, गणित-फिजिक्ससह पास. हातात मात्र नौदलाच्या एमआर (मॅट्रिक रिक्रूट) भरतीची जाहिरात. दहावीवर होते म्हणून सोपी, असं कोणीतरी सांगितलेलं.

एमआरमध्ये कामं स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि साफसफाईची. कमीपणाची नाहीत, पण ज्याला पुढे मशीनवर पोट भरायचंय, त्यानं तो अर्ज कशाला भरायचा? त्याच्यासाठी एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) भरती. त्याला बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं, ते याच्याकडे होतं.

मी विचारलं, "शेतातलं इंजिन डिझेल संपून बंद पडलं तर काय करतोस?" तोवर खाली मान घालून बसलेला पोरगा सुरू झाला. टाकी भरायची, नोझलकडचा नट ढिला करायचा, पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. बोटं हवेतच पाना फिरवत होती. बाप बघतच राहिला.

जहाजावरही डिझेल जनरेटर, पंप, कॉम्प्रेसर, एसी प्लांट असतात. अशीच यंत्रं बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रात चालतात. पाण्याखालचं आवाजावरून शोधणारं 'सोनार' यंत्र सांभाळणाऱ्याच्या हुन्नराला इकडे गिऱ्हाईक कुठलं? म्हणून पसंती विचारली तर इंजिनिअरिंग शाखा सांग, म्हटलं. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर पायाभूत प्रशिक्षण होतं. या शाखेचं पुढचं शिक्षण लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीत. मात्र शाखा शेवटी नौदल ठरवतं. हे मी आधीच सांगून टाकतो, मागाहून बोंब नको.

कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. तेव्हा परत यायचंच आहे असं धरून चालावं. सुटताना मिळणाऱ्या कौशल्य प्रमाणपत्रात आपलं काम नीट नोंदलंय का, ते तिथं असतानाच बघावं. जमिनीवरचा बॉयलर चालवायचा तर बॉयलर अटेंडंटचा दाखला वेगळा काढावा लागतो, नौदलातल्या अनुभवावर भागत नाही. आणि भरतीची वाट बघत घरी बसण्यापेक्षा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक करावा, वर्षाचाच तर आहे. भरती हुकली तरी मुंबई, विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिप असते.

बापाचं लक्ष एव्हाना सेवा निधीकडे, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाकडे गेलेलं. चार वर्षांनी साधारण ११.७१ लाख.

"तेवढ्यात ट्रॅक्टर येते ना?"

"येतो. पण त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले असतात. त्यालाच विचारा."

"ट्रॅक्टर नाही, बाबा," पोरगा म्हणाला. "पंप-नोझल टेस्टिंगची मशीन घेऊ. आर्णीत दुकान टाकतो."