घरात मांजर आहे, लर्चर कुत्रा पाळावा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला खेड्यात राहतो, शेतात ससे फार झालेत म्हणून शेजारी म्हणतात लर्चर पाळा, पण घरात 6 वर्षांची मुलगी आणि मांजर आहे, जमेल का?

उत्तर: जमेल ताई, पण लर्चर ही एक ठरलेली जात नाही, ग्रेहाउंड नाहीतर व्हिपेट या वेगाने पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा टेरियर किंवा कॉलीशी (मेंढ्या राखणारा कुत्रा) क्रॉस असतो, म्हणून पिल्लाची आई तरी प्रत्यक्ष बघाच, कॉलीचं रक्त असलं तर शिकवायला सोपं जातं. घरात बहुतेक वेळ सोफ्यावर झोपून असतो, मायाळू असतो. मला खरी काळजी मांजराची वाटते, लहानपणापासून एकत्र वाढवलं तरी बाहेर पळणारं मांजर दिसलं की मागं धावू शकतो. आणि कुत्र्याने शिकार करायची तर साधे ससे जमीनमालकाच्या परवानगीनेच, मोठा रानससा अजिबात नाही, 2004 च्या शिकार कायद्याने बंदी आहे.