पूर ओसरला, आता हॉलसाठी पैसे कुठून आणायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत. कोकणातल्या पुरात गेलेली वाचनालयं, नाटकाचे हॉल, दशावतारी नाटक कंपन्यांचे सामानाचे पेटारे परत उभे करायला अनुदान मिळतं का, आणि मिळतं तर कोणाकडे जायचं. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाचा हॉल नदीच्या काठाला आहे. पाणी स्टेजच्या वर चढलं, विंगा, पडदे, लाकडी स्टेज सगळं गेलं. पंचनाम्याला माणसं आली, घरांचं लिहिलं, दुकानांचं लिहिलं, आमच्याकडे बघून म्हणाली की तुमच्यासाठी रकानाच नाही. मग आम्ही जायचं कुठे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : रकाना नाही हे ऐकायला वाईट वाटतं पण त्यात थोडं तथ्य आहे. सरकारी मदत जिथून येते त्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष ठरलेले असतात, त्यात घरं, शेती, जनावरं येतात, रस्ते-पाणी-शाळा येतात आणि ग्रामपंचायतीच्या मालकीच्या सामाईक वास्तू येतात, म्हणजे पंचायत घर, महिला मंडळाची खोली, समाज मंदिर वगैरे. खाजगी ट्रस्टचं नाट्यगृह त्यात कुठे बसत नाही. म्हणून कुठली योजना आहे हा प्रश्न नंतरचा, आधी हॉल कोणाच्या नावावर आहे ते बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि मगच धावपळ करा. कोकणात गंमत अशी असते की जागा देवस्थानची, बांधकाम मंडळाचं, लाइटबिल तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि पन्नास वर्षं कोणाला काही अडलेलं नसतं. अडतं ते पूर आल्यावर.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) धरा, दुरुस्ती त्यांच्या नावाने मागायची. मंडळाची स्वतःची असेल आणि संस्था रजिस्टर असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची इमारतींसाठीची अनुदान योजना आहे, तिच्यात नवीन बांधकामाबरोबर जुन्या वास्तूची दुरुस्ती, नूतनीकरणही येतं. मेट्रो शहर सोडून इतर ठिकाणी कमाल २५ लाख, आणि तेही एकूण खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत. उरलेले ४० टक्के तुम्ही उभे करायचे. संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी, ऑडिट झालेले हिशेब हवेत. पैसे हप्त्याहप्त्याने येतात त्यामुळे पहिल्या बिलासाठी खिशात काहीतरी असावंच लागतं. जागा देवस्थानच्या नावावर असली तर मात्र अशा योजनांत सहसा अडतं, कारण धार्मिक संस्थांना त्या लागू नसतात. तेव्हा देवस्थान आणि मंडळ यांच्यात रीतसर लीज करून घेता येतो का ते वकिलाला विचारा, पूर यायची वाट न बघता.

आणि रकाना नसला तरी तहसीलदारांकडे स्वतंत्र लेखी अर्ज द्याच, पंचनामा करावा म्हणून. पोच घ्या, आवक नंबर लिहून घ्या. या कागदावर लगेच पैसे मिळणार नाहीत, पण पुढे देणगीसाठी एखाद्या कंपनीकडे, मंत्रालयात, विमावाल्याकडे जाल तिथे तुमचं नुकसान त्याच पुरात झालं हे दाखवायला सरकारी शिक्क्याचा तोच एक कागद असतो. भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ पुसायच्या आधी शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. लोक आधी साफसफाई करतात आणि मग पुरावा शोधत बसतात.

प्रश्न : वाचनालयाची पुस्तकं ओली झाली आहेत. काही जण म्हणतात उन्हात टाका, काही म्हणतात रद्दीत द्या. अनुदान येईपर्यंत काय करू? (ग्रंथपाल, चिपळूण परिसर)

उत्तर : अनुदान येईपर्यंत काहीच शिल्लक राहणार नाही हो! ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, कोकणातल्या जुलैच्या दमटपणात तर जरा लवकरच. उन्हात टाकू नका, एक तर त्या दिवसांत ऊन नसतं आणि असलं तरी कागद वेडावाकडा होतो, पुठ्ठा उचकटतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं थोडी उघडी ठेवायची, मध्ये मध्ये टीपकागद किंवा साधा कोरा कागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरच्या पुस्तकांची पानं सुकताना एकमेकांना चिकटून वीट होते, एकदा चिकटली की सुटत नाहीत, तेव्हा ती पुस्तकं पहिली हातात घ्या. चिखल लागलेलं पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात हलकं धुवायचं, उघडून घासायचं नाही.

पुस्तकं शेकड्यांनी असतील आणि माणसं चार असतील तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गोठवणं. जगभर हेच करतात. उणे १८-२० डिग्रीला बुरशी थांबते, मग महिन्या-दोन महिन्यांनी थोडी थोडी बाहेर काढून सुकवता येतात. आता आपल्याकडे एवढा मोठा फ्रीझर कुठे, असं वाटेल. मासळीची कोल्ड स्टोरेजं आहेत की! रत्नागिरीला आहेत, बाकी किनाऱ्यावरही मिळतील, आणि पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत त्यातली काही अर्धी रिकामी असतात. पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, क्रेटमध्ये, क्रेटवर नंबर टाकून ठेवायची. मालक ओळखीचा असेल तर भाडंसुद्धा घेणार नाही, फक्त हे बोलणं मे महिन्यात करून ठेवावं, पाणी चढत असताना फोन लागत नाही.

रद्दीचं म्हणाल तर शासनमान्य वाचनालय असेल तर यादी केल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जाता कामा नये. दाखल नोंदवहीतले नंबर, फोटो, पंचनामा, मग जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र, मग निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं. नोंदवहीच पाण्यात गेली तर किती गेलं हे सांगणार कशावरून? तिचे मोबाइलवर फोटो काढून दोन-तीन कमिटी मेंबरांच्या फोनमध्ये ठेवा, एका दुपारचं काम आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, त्याला २००५ आणि २०२१ असा दोन्हीदा पुराचा फटका बसला. नदीकाठच्या गावात दुसऱ्यांदा होणारच असं धरून चालावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर कोलकात्याची राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन ही केंद्राची संस्था १९७२ पासून सार्वजनिक वाचनालयांना मदत करते, पुस्तकं, कपाटं, इमारतीची वाढ यासाठी. शिवाय ५०, ७५, १०० अशी वर्षं पूर्ण करणाऱ्या वाचनालयांसाठी वेगळी योजना आहे. तुमचं शंभरीच्या आसपास असेल तर पूर आणि शताब्दी दोन्ही गोष्टी अर्जात येऊ देत. कागद मात्र ग्रंथालय संचालनालयामार्फतच पुढे सरकतात.

प्रश्न : आमच्या दशावतारी कंपनीचो पेटारो पाण्यात गेलो. मुकुट, शालू, पायपेटी, पखवाज काय ऱ्हवला नाय. तुळशीचा लगीन झाला की जत्रा चालू. आता नवीन खयसून आणूचा? (कुडाळ)

उत्तर : दशावतारासाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची लोककला पथकांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देणारी योजना आहे, तमाशा, शाहिरी, खडीगंमत यांच्याबरोबर दशावतारही तिच्यात येतो. भांडवली म्हणजे सामान-साहित्यासाठी, तुम्हाला तेच हवंय. पण कार्तिकापर्यंत ते हातात पडेल यावर सीझन लावू नका. दुसऱ्या कंपनीकडून मुकुट-दागिने उसने घ्या, जत्रेची सुपारी देणाऱ्या देवस्थानाकडून थोडी उचल मागा, यात कमीपणा काही नाही. पायपेटी लगेच उघडून सावलीत ठेवा आणि भाता वाजवून बघू नका, सूर पितळेचे असतात, चिखल आत गेलेला असतो. पखवाजाची पुडी, म्हणजे चामडं, गेली असेल पण लाकडी खोड वाचतं, त्याला उन्हापासून लांब ठेवा नाहीतर तडकेल.

कुडाळजवळच्या पिंगुळीसारख्या ठिकाणी जे बाहुल्या, चित्रकथीच्या (चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या) पोथ्या, लाकडी सामान स्वतः बनवतात त्यांची गोष्ट वेगळी. हस्तकला कारागिरांची हत्यारं आणि कच्चा माल आपत्ती निधीच्या निकषांत बसतो, रक्कम फार नसते, पण पंचनाम्यात 'कारागीर' असं लिहून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : गावचे बरेच लोक कुवेत, दुबईला आहेत. ते पैसे पाठवतो म्हणतात. पण कोणीतरी सांगितलं परदेशी पैसा घेतला तर केस होते. आणि कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मिळतो का? (महाड)

उत्तर : घाबरू नका. माणूस भारतीय पासपोर्टवाला असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेतून पाठवत असेल तर ती कायद्याने परदेशी देणगी धरत नाहीत, मग तो राहतो कुठे का असेना. पासपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवा. पण एखाद्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड आहे, तर तो पैसा परदेशी. त्यासाठी संस्थेची परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. छोट्या मंडळाने त्या फंदात पडू नये असं माझं मत आहे, त्या भाचे-पुतण्यांना म्हणावं की इथल्या नातेवाइकांनीच यावेळी जरा जास्त द्यावं.

सीएसआरचं उत्तर हो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं, ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती हे एका ठिकाणी आहे आणि आपत्तीनंतरचं पुनर्वसन, पुनर्बांधणी दुसऱ्या ठिकाणी, तुमचं काम दोन्हीत बसतं. कायदा कंपन्यांना आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही सांगतो, आणि तुमच्याकडे महाडची एमआयडीसी आहे, चिपळूणवाल्यांना लोट्याची आहे. पण ट्रस्टकडे आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी) आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा सीएसआर-१ नंबर नसेल तर कंपनीची इच्छा असूनही पैसे देता येत नाहीत. सीएला आजच फोन करा. आणि जाताना 'सढळ हाताने मदत करावी' असलं पत्र नेऊ नका, एकच काम घेऊन जा, अमुक खुर्च्या, अमुक साउंड सिस्टीम, हे कोटेशन. कंपनीच्या माणसाला फोटोत दाखवता येईल अशी वस्तू लागते, त्याला इलाज नाही.

प्रश्न : नाट्यगृह नगरपरिषदेचं आहे, आमच्या हातात काहीच नाही. आम्ही नाटकवाल्यांनी नुसतं बघत बसायचं? (चिपळूण)

उत्तर : चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र २००५ च्या पुरानंतर किती वर्षं बंद होतं ते तुम्ही मला सांगायला नको. नगरपरिषदेला राज्याची नगरोत्थान योजना आहे, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचा निधी आहे, म्हणजे पैशाची वाट आहे. तुमचं काम एस्टिमेटमध्ये डोकावण्याचं. पुष्कळदा जिथे जे होतं तिथेच ते परत बसवायचं एस्टिमेट होतं, म्हणजे इलेक्ट्रिक पॅनल तळमजल्यावर, दिव्यांचे डिमर आणि अॅम्प्लिफायरची खोली स्टेजच्या खाली, जनरेटर अंगणात. पुढच्या पुरात तेच परत जाणार. २२ जुलै २०२१ ची पाण्याची रेघ कुठे होती ते दाखवून लेखी मागणी करा की मीटर, पॅनल, साउंड सगळं तिच्या वर हवं, खाली प्लायवूड आणि फोम नको, धुता येईल असं मटेरियल हवं, पहिल्या काही रांगांच्या खुर्च्या बोल्ट काढून वर नेता येतील अशा हव्यात. हे टेंडर निघायच्या आधी सांगायचं असतं, नंतर सांगितलं की 'एक्स्ट्रा आयटम' होतो आणि फाइल परत वर्षभर पडते. विम्याचंही तेव्हाच विचारा. पॉलिसीत पुराचं कव्हर आहे का, आणि जुनी हस्तलिखितं, चित्रं असतील तर त्यांची नावानिशी नोंद आहे का, कारण ती वेगळी लिहिलेली नसतील तर साध्या फायर पॉलिसीत धरत नाहीत.