कवी, चित्रकार आणि खळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या १२ कविता आणि चित्रकार मैत्रिणीची चित्रं, असं हाताने बांधलेलं पुस्तक करायचं आहे. ३० प्रती काढू. प्रत्येक प्रतीत मूळ चित्रं असावीत असं वाटतं. सुरुवात कुठून करावी? (दादर)

उत्तर : आधी गुणाकार करा. १२ गुणिले ३० म्हणजे ३६० चित्रं. तितकी एकाच हातून निघेपर्यंत शेवटच्या प्रती निस्तेज होणार, हे ठरलेलं. सहा कविता पुष्कळ झाल्या. चित्रं लिनोकटमध्ये घ्या, म्हणजे लिनोलियमचा (लिनो) तुकडा एकदा कोरून त्यावरून हवे तेवढे छाप काढा, आणि रंग स्टेन्सिलने भरा. १९१३ साली पॅरिसमध्ये कवी ब्लेझ साँद्रार आणि चित्रकार सोनिया देलोने यांनी सुमारे दोन मीटर लांबीचं घडीचं पुस्तक केलं, त्यातले रंग स्टेन्सिलनेच भरले होते. बेत १५० प्रतींचा होता; तेवढ्या पुऱ्या झाल्याच नाहीत.

कविता टाइप करून ‘आता यावर चित्रं काढ’ असं मात्र मैत्रिणीला सांगू नका. मग कवितेत पाऊस आला की पानावर छत्री येते. साध्या कागदाची, पण खऱ्या मापाची डमी, म्हणजे कच्ची नमुना प्रत, दोघींनी मिळून करा. कुठे नुसतं चित्र, कुठे दोनच ओळी, कुठे पान कोरं, हे तिथेच ठरवा. ओळ कुठे तोडायची यात कवीचा शब्द शेवटचा, पान कुठे उलटायचं यात चित्रकाराचा. एवढं ठरलं की निम्मी भांडणं टळतात.

सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की २४ पानांचा एक जुज होतो. घडीवर तीन भोकं पाडून शिवला की झालं. त्यासाठी १२० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा कागद घ्या. जाड घेतलात तर आतली पानं बाहेर सरकतात आणि कड कापताना अक्षरं उडतात. फोर्टात किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद बघायला जाल तेव्हा आधी एकच ताव आणा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच मुरून मागे डाग उठला, तर त्या कागदावर शाई फुटणार. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन विरघळवून त्याचा हात दिला आणि कागद नीट वाळवला, की बराच फरक पडतो.

मजकूर हाताने लिहिणार असाल तर तो चित्राआधी लिहा. अक्षर चुकलं तर कोराच कागद वाया जाईल, छापलेलं चित्र नाही. शाई पाण्याने न पसरणारी हवी. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, म्हणून अक्षराची उंची ६ मिमी असेल तर दोन शिरोरेषांमध्ये १५ मिमी तरी ठेवा. ३० प्रतींसाठी ३६ संच छापा; सहा वाया जातातच. तैलशाईचे छाप जुलैत दिवसेंदिवस ओले राहतात, तेव्हा दोरीला चिमट्यांनी टांगा, थप्पी लावू नका.

प्रश्न : घडीच्या पुस्तकाचे पुठ्ठे पावसाळ्यात बाहेरच्या बाजूला वाकले आणि अस्तरावर बुरशी आली. (भांडुप)

उत्तर : बाहेरचं कापड सुकताना पुठ्ठ्याला ओढतं, आतून तेवढीच ओढ देणारं अस्तर नसेल तर पुठ्ठा त्या बाजूला वळतो. पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर नसेल तर वाक आणखी वाढतो. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या रेषेवर तो सहज वाकतो, तो ग्रेन. अस्तरही त्याच दिशेने कापा. चिकटवल्यावर टिपकागदात घालून वजनाखाली ठेवा, तासाभराने टिपकागद बदला. पावसाळ्यात दोन-तीन दिवस तरी दाब काढायचा नाही. फेविकॉलमध्ये पाणी ओतून पातळ करण्याची सवय सोडा. वाढलेलं पाणी पुठ्ठाच पितो.

बुरशीचं मूळ बहुधा मैद्याच्या खळीत असतं. बाइंडर तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. त्याने कीड थांबते, पण तांब्याचा अंश कागदाला कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ करतो. हिशोबाच्या वह्यांना चालेल, चित्रांच्या पुस्तकाला नको. मिथाइल सेल्युलोजमध्ये (पाण्यात कालवून वापरायची चिकट पूड) थोडा फेविकॉल मिसळून वापरा. आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते. पुस्तक पंख्याच्या हवेत पूर्ण वाळवा, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका.

प्रश्न : अशा पुस्तकाचा हक्क कोणाचा? (गिरगाव)

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दोघांचं काम वेगळं काढता येत नसेल तरच ती संयुक्त कृती ठरते. इथे कविता कवीची, चित्र चित्रकाराचं. पुढे कुणी प्रकाशक छापणार असेल तर दोघांशीही लेखी करार हवा. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. प्रतींवर पेन्सिलने ७/३० (तीसपैकी सातवी) असा क्रमांक आणि दोघांच्या सह्या घाला, आणि शेवटचा छाप निघाल्यावर लिनोवर आडवी रेघ कोरा, म्हणजे पुढे जादा छाप निघणार नाहीत. विक्रीतून आधी साहित्याचा खर्च वजा करा. जुज शिवणारा तिसरा कुणी असेल, तर त्याची मजुरीही याच खर्चात धरा.