प्राचीन अथेन्समध्ये अधिकारी मतदानाने निवडत की सोडतीने?

बहुतेक पदं सोडतीनेच भरली जात. मतदानाने पुढे जातात ते पैसेवाले, बड्या घराण्यातले आणि फर्डे वक्ते, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्येही सोडत ही लोकशाहीची आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची पद्धत मानली जाते, अशी नोंद आहे. नागरिकांच्या सभेपुढचे विषय ठरवणाऱ्या ५०० जणांच्या मंडळात दहा गणांतून, म्हणजे नागरिकांच्या गटांतून, प्रत्येकी ५० जण सोडतीने येत. मुदत एक वर्ष, आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा संधी. न्यायालयातले पंच निवडायला तर इ.स.पू. चौथ्या शतकात खास यंत्र होतं. खाचांच्या रांगांमध्ये इच्छुकांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून एकेक सोंगटी सोडायची. पांढरी आली तर अख्खी रांग पंच, काळी आली तर अख्खी रांग घरी! अशा एका दगडी यंत्राचा तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आजही बघायला मिळतो. सोडतीत नाव आलं म्हणजे लगेच खुर्ची मिळाली, असंही नव्हतं. आधी चौकशी होई, आणि तीत आईवडिलांना नीट वागवतोस का, हेसुद्धा विचारत.

मात्र जिथे अनुभवाशिवाय भागत नाही तिथे सोडत नव्हती. दहा सेनापती दरवर्षी मतदानानेच निवडत, आणि कितीही वेळा. अथेन्सचा प्रसिद्ध नेता पेरिक्लीस वर्षानुवर्षं सत्तेच्या केंद्रस्थानी राहिला तो याच पदाच्या जोरावर.