ऋण संख्येने भागताना असमानतेचं चिन्ह का उलटतं?

उदाहरणार्थ ७ − ३क्ष > १ ही असमानता घ्या. दोन्हीकडून ७ वजा केले की −३क्ष > −६ उरतं. इथवर चिन्ह जागचं हलत नाही, गडबड होते ती −३ ने भागताना. २ < ५ खरं आहे ना? दोघांना −१ ने गुणा: −२ आणि −५. आता −२ मोठा, कारण संख्यारेषेवर शून्याच्या पलीकडे क्रम आरशासारखा उलटतो. −३ ने भागतानाही तेच होतं, म्हणून क्ष < २.

नियम लक्षात राहत नसेल (माझ्या नाही राहायचा), तर सुरुवातीलाच ३क्ष उजवीकडे न्या: ७ > १ + ३क्ष, म्हणजे ६ > ३क्ष, म्हणजे २ > क्ष. उलटवायची भानगडच नाही. शेवटी क्ष = ० घालून बघा, ७ > १, जमलं. क्ष = ५ घातलं तर −८ > १ येतं, ते साफ खोटं.