झडतीचं वॉरंट, मोबाइल आणि मागावरचं जीपीएस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावातल्या एका चोरीच्या तपासात रात्री साडेदहाला पोलीस घरी आले. वॉरंट मागितलं तर ‘तपासात वॉरंट लागत नाही’ म्हणाले. कपाट उपसलं, पासबुकं आणि एक जुना मोबाइल नेला. हातात कागद काहीच दिला नाही. हे कायद्यात बसतं का? (एक वाचक, ता. चोपडा)

उत्तर : वॉरंटशिवाय झडती होऊ शकते, एवढं त्यांचं म्हणणं खरं आहे. कागद न देता निघून जाणं मात्र कायद्यात बसत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९६ हे न्यायालयाच्या झडती वॉरंटचं. कलम १८५ मध्ये ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपासी अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण त्याला अटी आहेत. गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे. हवी असलेली वस्तू तुमच्याच घरात आहे असं मानायला रास्त कारण पाहिजे. दुसऱ्या मार्गाने ती वेळेत मिळणार नाही अशी परिस्थिती पाहिजे. आणि हे सगळं, कोणती वस्तू शोधायची आहे त्यासह, झडतीच्या आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहिलेलं पाहिजे. आधी घर उपसायचं आणि सापडलेल्या वस्तूवरून मागाहून कारण लिहायचं, हे चालत नाही. झडती रात्रीची होती एवढ्याच कारणाने ती बेकायदा ठरत नाही, कारण या संहितेत घरझडतीला रात्रीची सरसकट बंदी नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. या नोंदीची प्रत पोलिसांनी ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते आणि घरमालकाने किंवा राहणाऱ्याने अर्ज केला की तिची नक्कल फुकट मिळते. त्याच दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात साध्या कागदावर अर्ज करा : झडतीची तारीख, वेळ, घराचा पत्ता, पोलीस ठाणं, माहीत असल्यास गुन्हा रजिस्टर नंबर आणि ‘कलम १८५ प्रमाणे पाठवलेल्या नोंदीची नक्कल विनामूल्य मिळावी’ एवढं एक वाक्य. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. नोंद आलेलीच नाही असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या. पुढे वकिलाला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. हा अर्ज फार थोडे लोक करतात आणि झडतीतली बेपर्वाई त्यामुळेच खपून जाते.

झडती चालू असतानाचे नियम कलम १०३ मध्ये आहेत. त्या वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात; तिथले कोणी मिळत नसतील किंवा तयार नसतील तरच बाहेरचे चालतात. एकाच ठाण्याच्या पंचनाम्यांवर वर्षानुवर्षं तीच दोन नावं दिसतात. तेव्हा पंचांची नावं आणि गाव त्याच वेळी टिपून ठेवा. घरातल्या माणसाला झडतीभर हजर राहू द्यावं लागतं. बाईच्या अंगाची झडती बाईनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. जप्त वस्तूंची यादी जागेवरच होते आणि पंचांच्या सह्यांसह तिची प्रत तुम्हाला द्यावीच लागते. कलम १०५ प्रमाणे झडती, यादी आणि सह्या या सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. तुमच्या अर्जात त्याचीही मागणी करा.

यादी कशी लिहिली जाते तिकडे लक्ष ठेवा. ‘काही पासबुके, एक मोबाइल’ अशी नोंद म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी. प्रत्येक पासबुकाचा खाते क्रमांक, मोबाइलची कंपनी, रंग, आयएमईआय (त्या फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, आत सिम आणि मेमरी कार्ड आहे का, सुरुवातीची आणि शेवटची वेळ हे सगळं लिहून घ्यायला सांगा. तुमची सही मागितली तर वाचून करा, खाली वेळ टाका आणि हरकत असेल ती सहीजवळच लिहा. कोऱ्या कागदावर सही अजिबात नको. दारात आडवं मात्र पडू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा उलट तुमच्यावर लागेल.

प्रश्न : नाक्यावर गाडी थांबवून पोलीस मोबाइल उघडायला लावतात, व्हॉट्सॲप चाळतात. नकार देता येतो का? (एक तरुण वाचक, भुसावळ)

उत्तर : देता येतो, आवाज न चढवता. ‘कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या कलमाखाली?’ एवढं विचारा. कलम ९४ प्रमाणे तपासासाठी लागणारं उपकरण हजर करायला ठाण्याचा प्रभारी अधिकारी सांगू शकतो, पण लेखी आदेशाने. संशयित वस्तू म्हणून मोबाइल कलम १०६ खाली जप्तही होऊ शकतो. त्याचा अहवाल मग दंडाधिकाऱ्यांकडे जावा लागतो. सहज म्हणून चॅट चाळणं यातल्या कशातच बसत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं आहे.

पासवर्डबाबत न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं म्हटलं; दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत दिलं. तेव्हा मोबाइल जप्त झाल्यावर पासवर्ड सांगण्याआधी वकिलाशी बोला. जप्तीच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर टाकून लाखेने सील करायला सांगा. हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्यातल्या डेटाची आकडी ओळख, नोंदली का तेही विचारा. एक अक्षर बदललं तरी ती बदलते, म्हणून नंतर कोणी काही घातलं-काढलं का ते कळतं. फोन परत हवा असेल तर कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करा; बहुधा सुपुर्दनामा, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याची लेखी हमी, लिहून घेऊन देतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिथे गाडीला जीपीएस लावायलाही पोलिसांना न्यायाधीशांचं वॉरंट लागतं. आपल्याकडे? (एक निवृत्त शिक्षक, शिरपूर)

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. तिथल्या जोन्स खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १० दिवसांत, त्याच शहरात यंत्र बसवायची परवानगी दिली होती. पोलिसांनी ते ११व्या दिवशी, शेजारच्या मेरीलँडमध्ये बसवलं आणि २८ दिवस गाडीचा माग काढला. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही घटनेच्या चौथ्या (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या) दुरुस्तीखालची ‘झडती’च ठरवली. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात मोबाइल कंपनीकडचे सात दिवसांचे टॉवर लोकेशन मिळवायलाही वॉरंट लागेल असं ठरलं.

आपल्याकडच्या पाळतीचं ठळक उदाहरण म्हणजे फोन टॅपिंग. फोन ऐकण्याचा हा आदेश न्यायाधीश देत नाहीत, गृहसचिव देतात. सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ मध्ये घातलेली बंधनं पुढे नियमांत आली. आता दूरसंचार कायदा, २०२३ आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत : एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवस आणि त्यावर आढावा समिती. त्या समितीतही सरकारी सचिवच बसतात. सरकारने दिलेला आदेश सरकारनेच तपासायचा ही व्यवस्था आम्हाला अपुरी वाटते. इथे न्यायाधीश हवाच. तरी दाद मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात २०१९ मध्ये फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : जामिनावरच्या माणसाने गुगल मॅपवर पिन टाकून सतत आपला ठावठिकाणा दाखवावा, अशी अट घालता येत नाही.

प्रश्न : वीजचोरी पथक संध्याकाळनंतर घरात शिरू शकतं का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ प्रमाणे राहत्या घराची तपासणी किंवा झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घ्यायची तर तिथे राहणारा प्रौढ पुरुष हजर हवा. घरात फक्त बायका असतील तर पथकाला सकाळी या म्हणता येतं. शेतातल्या पंपाला किंवा कारखान्याला ही सवलत नाही. यादी आणि सह्या दोन्हीकडे लागतातच.

प्रश्न : झडती बेकायदा ठरली, तर केस आपोआप पडते का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. पूरण मल खटल्यापासून, म्हणजे डिसेंबर १९७३ पासून, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो खटल्याशी संबंधित आहे का, हे आपली न्यायालयं पाहतात. पंच खोटे निघाले, चित्रण नाही, डायरीत कारण नाही, तर पुराव्याचं वजन घटतं, एवढंच. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र कडक अपवाद आहे : कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती हवी का’ हे त्या माणसाला सांगावंच लागतं. ते सांगितलं नाही तर त्या अंगझडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. पिशवीच्या किंवा गाडीच्या झडतीला हे कलम लागत नाही.

तक्रार आधी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी करा. पुढची पायरी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याच अखत्यारीत येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.